बाजरीचं बाळ

फोन आला तेव्हा मी हजेरी घेत होते. मंगळवार, सकाळचे साडेनऊ वाजले असतील. रशीदा खालाची सून शबाना बोलत होती. "मॅडम, अम्मी गेल्या," एवढंच तिला म्हणता आलं. मी फोन कानाला तसाच धरून हजेरीतलं पुढचं नाव घेतलं. पूजा "हजर" म्हणाली. त्यापुढची आणखी दोन नावं घेतली, त्याही दोघी हजर होत्या. मग माझ्या हातातलं पेन खाली पडलं आणि मुली उठून उभ्या राहिल्या... मधलं काही मला आठवत नाही.

पुणतांब्याला पोचले तेव्हा गल्लीत पुरुष उभे होते आणि आत बायका खालाला अंघोळ घालत होत्या. त्यांच्यात बाईच्या मयताला बायकाच न्हाऊ घालतात. मी बाहेर ओट्यावर बसले. पडद्यामागून तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता, सावकाश, कुणाला कसली घाई नसल्यासारखा. आणि मग आतून कुणी म्हातारी बाई म्हणाली, "मान धर गं पोरी. मान सोडू नको." ते ऐकलं आणि मी ताडकन उठले. उठले खरी, पण कुठं जायचं ते कळेना. चौदा वर्षांपूर्वी हेच शब्द मी खालाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले होते. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायला शिकवताना तिचं पहिलं वाक्य हेच असायचं, आणि दुसऱ्या वाक्यावर यायला चार-चार दिवस लागायचे, कारण पहिलंच आम्हाला कुणाला जमत नसे.

कोपरगावजवळ साखर कारखान्याच्या रस्त्याला आमचं बालसंगोपन प्रशिक्षण केंद्र आहे. दहावी-बारावी झालेल्या मुली येतात, सहा महिने शिकतात, आणि मग कुणी पाळणाघरात, कुणी अंगणवाडीत, कुणी पुण्याला एखाद्या घरी बाळ सांभाळायला जाते. पुढच्या खोलीत फळा आणि बाकं. मागच्या दोन खोल्यांत पाळणाघर: एक रांगत्या-चालत्या लेकरांची, आणि एक वर्षाच्या आतल्यांची. ही दुसरी, ती बाळखोली. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला आलेल्या बायका आपली लेकरं पहाटे इथं सोडून फडात जातात. पुढच्या खोलीत मी शिकवते. मागच्या खोलीत खाला शिकवायची. तोंडावर मी तिला नेहमी 'तुम्ही'च म्हणत आले, पण लिहिताना 'ती' येतंय. येऊ द्यावं.

खालाची आई पुणतांब्यातली सुईण. सासर पिंजाऱ्यांचं, गाद्या भरणाऱ्यांचं. चौथीनंतर शाळा सुटलेली. म्हणजे बाळ कसं धरायचं ते तिच्या हातात माहेरहून आलं होतं, आणि कापडात काय किती दाबून भरायचं ते सासरहून. या दोन्हींतून तिची ती बाजरीची बाळं झाली. कोर्सच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीने घरून अडीच किलो बाजरी आणायची. खाला मांजरपाटाचं धड, हात, पाय, डोकं बेतून द्यायची. आत लिंबाचा पाला, म्हणजे किडा लागायचा नाही. डोकं ठासून भरायचं, पाठ मऊ ठेवायची. मान मात्र रिकामी. नुसतं कापड. हात काढला की डोकं मागे लोळायचं, खऱ्या तान्ह्या बाळासारखं. मग दाभणाने शिवून टाकायचं. दर शनिवारी शिवण उसवून एक पसा बाजरी आणखी घालायची, म्हणजे सहा महिन्यांत ते बाळ वाढायचं आणि आपला हातही त्याच्याबरोबर वाढायचा. ते घरी न्यायचं, एसटीत न्यायचं, जेवताना मांडीवर घ्यायचं. नियम एकच. "खाली ठेवायचं न्हाई," खाला सांगायची. "हात भरून आलं तर दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायचं. पन खाली न्हाई."

मी गवंड्याची मुलगी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. माझ्या वडिलांनी कॉलेजच्या पायऱ्या बांधल्या होत्या, चढले नव्हते. बारावी करून बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला होता आणि हाताला काही काम असावं म्हणून या कोर्सला आले होते. अशा मुलीने कडेवर कापडाचं बाहुलं घेऊन एसटीत बसायचं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. कंडक्टर आमच्या वाटेवरचा, सगळ्यांना ओळखणारा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "ताई, ह्या बाळाचं तिकीट काढू का बाजरीचं लगेज लावू?" सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आई वेगळीच पेटलेली. "अन्नाचं बाहुलं करून मिरवत्यात व्हय? आन् लगीन न झालेली पोर लेकरू घिऊन हिंडती, सोयरीक घिऊन येनारा मानूस दारातूनच माघारी जाईल." शेवटी एका रविवारी मी नदीवर धुणं धुवायला गेले असताना आईने माझं बाळ उसवलं. बाजरी दळून आणली, भाकरी थापल्या, आणि कापडात वडिलांची चाळलेली वाळू भरली. वाण्याकडे नेऊन तितक्याच वजनाची करून आणली. फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. "वजन त्येवढंच हाय," मला म्हणाली, "आन् अन्नाची इटंबना न्हाई."

सोमवारी खालाने एकेकीचं बाळ हातात घेऊन बघितलं. माझं घेतलं आणि तिथंच थांबली. डोळे मिटले. "ह्ये कुनाचं लेकरू आनलं गं?" मुली खुसखुसायला लागल्या. मी बारावीला गावात पहिली आलेली, मला कुणी हसण्याची सवय नव्हती. "वजन बरोबर आहे," मी तोऱ्यात म्हणाले. "वजन बरोबर हाय," ती म्हणाली, "पन वाळू बसल्या जागी बसून ऱ्हाती. बाजरी हातासंगं सरकती, लेकरावानी. आन् मान कुनी भरली ह्याची?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईने मानेतही वाळू ठासली होती. डोकं लोळतंय ते तिला बघवलं नव्हतं. मी खरं सांगून टाकलं आणि वाटलं, आता आईचा उद्धार होणार. खाला एवढंच म्हणाली, "चांगली हाय तुझी आई. पन भरल्या मानंचं लेकरू अजून कुनाला झालं न्हाई."

त्याच शनिवारी ती आमच्या घरी आली, स्वतःची बाजरी घेऊन. आई आधी घुश्श्यातच होती. चहा झाला. खालाने आपल्याजवळचं बाळ उचललं आणि आईला म्हणाली, "बाई, जरा डोळं मिटा आन् हे धरा." आईने डोळे मिटले. आणि मी बघितलं, आईचा डावा हात आपोआप वर सरकला आणि तळवा त्या रिकाम्या मानेखाली जाऊन बसला. आईला ते कळलंसुद्धा नाही. खाला माझ्याकडे वळली. "बघ. हिला कुनी शिकिवलं? आता हिचा हात बघ आन् शिक." त्यानंतर आमच्या घरात त्या बाळाला नाव पडलं, आई ते मांडीवर घेऊन शेंगा फोडायला लागली, आणि एकदा तर मला बरं नव्हतं तर तीच एसटीत ते घेऊन केंद्रावर आली. कंडक्टरने काही विचारायच्या आत म्हणाली, "नात हाय माझी. हाफ तिकीट लागत न्हाई."

डोळे बांधणं ही खालाची दुसरी रीत. बाळखोलीच्या खुंटीवर तिची एक हिरवी ओढणी टांगलेली असायची. ती डोळ्यांवर बांधून दुपटं बदलायचं, लंगोट बांधायचा, अंघोळ घालायची, आधी पाण्याशिवाय आणि मग पाण्याने. "डोळं लई शहानं असत्यात," म्हणायची, "हाताला काय करूच देत न्हाईत." मधेच एखादीच्या बाळाला गुपचूप ओला लंगोट लावून ठेवायची आणि किती वेळात कळतंय ते बघायची. कळलं नाही की ओरडायची नाही. "तुला कुनी ओल्यात बसिवलं तर?" एवढंच. आणि शेवटच्या दिवशी सगळी बाळं उसवायची, बाजरी पाखडून गिरणीतून दळून आणायची आणि बाळखोलीच्या मागे चूल मांडून भाकरी करायच्या. रांगत्या पोरांना दुधात कुस्करून, आम्हाला ठेच्याबरोबर. आमची बॅच तर रडायलाच लागली होती. "अय्या खाला, माझं लेकरू मी नाही खाणार!" खाला तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "लेकरू कुटं खाताय, येडे? वजन खाताय. सा महिनं उचललंय, ते अंगात गेलं पायजे."

पुढे मी बी.ए. झाले. पदवीच्या झग्यातला माझा फोटो आमच्या भिंतीवर आहे, आणि दसऱ्याला आई त्याला झेंडूचा हार घालते. खालाने एकदा तो बघितला आणि कपाळावर हात मारला. "जित्या मानसाच्या फोटूला हार? काढ गं ते!" आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आमच्यात येवढं कुनी शिकलं न्हाई, मग हार कुनाला घालू?" मला त्या फोटोचा अभिमान होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू. त्या पदवीमुळेच केंद्राची निदेशिका, म्हणजे वर्ग घेणारी बाई, लग्न होऊन गेली तेव्हा ती जागा मला मिळाली. नियम होता, निदेशिका पदवीधर पाहिजे. खाला तेव्हा कितीतरी वर्षं तिथं शिकवत होती, पण कागदावर तिचं पद मदतनीस. मी रुजू झाले त्या दिवशी तिने माझ्यासाठी कापसाची चौकोनी गादी शिवून आणली. "खुर्ची कडक हाय," म्हणाली. आज हे लिहितेय ती त्याच गादीवर बसून. मुलींच्या प्रमाणपत्रासोबत एक तक्ता जातो, त्यात शेवटचा रकाना असतो, 'प्रात्यक्षिक घेणाऱ्याची सही'. आठ वर्षं त्या रकान्यात माझी सही आहे. पहिल्या वर्षी मला थोडं चोरट्यासारखं वाटलं होतं. तर खालाच म्हणाली, "कर की तू. तुझी झ्याक येती." दुसऱ्या वर्षापासून काही वाटेनासं झालं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थांबतोय... पण खालाबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, हे जमणार नाही. दोन वर्षांपूर्वी नगरहून तपासणीला साहेब येणार होते. केंद्र चालवणाऱ्या संस्थेने त्यासाठी बॅटरीवर रडणारं रबराचं बाळ विकत आणलं. मी खालाला सांगितलं, "तेवढी बाजरीची बाळं कपाटात ठेवा, तासाभराचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "कपाटात? येकावर येक?" तिने ठेवली नाहीत. मुलींच्या मांडीवर देऊन त्यांना मागच्या चिंचेखाली बसवलं. साहेब बाळखोलीत आले तेव्हा खालाच्या कडेवर एक लेकरू होतं आणि दुसरं पायाला बिलगलेलं. "या कोण?" साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, "मदतनीस आहेत सर. आवराआवरीला असतात." खालाने हसून साहेबांना नमस्कार केला आणि चहाचं बघते म्हणाली. मग फोटो निघाले, आणि मी तिला म्हणाले, "खाला, तुम्ही तेवढ्यात आत बाळांकडे बघा." ती आत गेली. दुसऱ्या दिवशी त्या रबराच्या बाळाला उचलून इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाली, "वैशे, ह्ये मान ताठ धरतंय गं. तुझ्या आईनंच भरलेलं दिसतंय." मी हसले. तेव्हा हसले.

यंदा हंगाम सुरू झाला आणि खालाला दम लागायला लागला. केंद्राच्या तीन पायऱ्या चढायला ती दोनदा थांबायची. डॉक्टरला दाखवलंत का म्हटलं की, "दाखिवलं, गोळ्या दिल्यात," म्हणायची. आणि रोज मला एकच सांगायची. "वैशे, आर्धा तास मागं येत जा. डोळं बांधून बस. मी सांगते ते हातात घिऊन ठिव." मी म्हणायची, हो खाला, येते. ऑनलाईन माहिती भरायची होती, नवीन मुलींचे अर्ज होते, संस्थेत बैठक होती. सगळी कामं खरी होती, मी बहाणे केले नाहीत. फक्त गेले नाही. या वर्षीच्या बाळांत आरू नावाची पाच महिन्यांची मुलगी होती. तिची आई मीरा खर्ड्याकडची, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला आलेली. पहाटे आपलं दूध वाटीत काढून ठेवायची आणि फडात जायची. आरू ते दूध कुणाच्याच हातून घेत नव्हती. बाटली नाही, चमचा नाही. खाला मात्र वाटी-चमच्याने तिला सगळं पाजायची. "हिचं येकदा बघून घे," मला म्हणाली होती. "ही अवघड हाय. हिला पाजायला आलं की तुला कुनालाबी पाजता येतंय."

खाला जायच्या आधीचा शनिवार. दुपारी खाला माझ्या टेबलासमोर येऊन स्टुलावर बसली. हातात तिचं स्वतःचं बाजरीचं बाळ, नमुन्याचं, त्या दिवसाचा पसा नुकताच भरलेलं. श्वास लागलेला. "धर," म्हणाली आणि ते माझ्या हातात दिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. संस्थेच्या सचिवांचा होता. मी ते बाळ टेबलावर ठेवलं आणि बोलायला लागले. बोलणं लांबलं. बोलता बोलता माझं लक्ष गेलं, बाळाचं डोकं टेबलाच्या कडेवरून मागे लोंबत होतं, आणि खाला त्याच्याकडे बघत होती. फोन संपेपर्यंत ती थांबली. मग उठली, मानेखाली तळवा घालून ते उचललं. "खाली ठेवायचं नसतंय गं," म्हणाली. रागाने नाही, थकून. "सोमवारी नक्की येते मागे," मी म्हणाले. ती दारात थांबली, वळून काहीतरी म्हणणार होती असं मला आता वाटतं, किंवा नुसता दम खात असेल... मला माहीत नाही. सोमवारी ती आली नाही. मंगळवारी फोन आला.

शोकसभेसाठी सचिवांनी फोटो मागितला. माझ्या मोबाईलमध्ये आठ वर्षांचे फोटो आहेत. मी सगळे बघितले. एकात तिचा कोपर आहे. एकात ओढणीचं टोक. एकात फक्त तिचा हात आहे, एका बाळाच्या मानेखाली, बाकी सगळी चौकट माझ्या आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यांनी भरलेली. "चेहरा असलेला एकही नाही?" सचिवांनी विचारलं. मी नाही म्हणाले. शबानाकडेही आधार कार्डावरच्यापेक्षा बरा फोटो नव्हता. मग एका रिकाम्या खुर्चीसमोर आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. आणि बाळखोलीतून सगळा वेळ आरूच्या रडण्याचा आवाज येत होता.

खाला गेल्यापासून ती दूध घेत नव्हती. पहिल्या दिवशी वाटलं, घेईल. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसले. चमचा ओठाला लावला की ती मान वळवून अशी आकसायची की मला माझ्या हाताची लाज वाटायची. दुपारी मीरा धावत येऊन अंगावर पाजून जायची, तेवढ्यावर लेकरू संध्याकाळपर्यंत. मी मुलींना विचारलं, खाला हिला नेमकी कशी पाजायची? एक म्हणाली, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. दुसरी म्हणाली, आधी तळपाय धरून ठेवायच्या. तिसरी म्हणाली, चमचा खालून न्यायच्या. पूजा म्हणाली, "मॅडम, मी शेजारीच असायचे, पण माझे डोळे बांधलेले असायचे." सगळं करून बघितलं. भिंतीकडे तोंड केलं, तळपाय धरले, खालाची ओढणीसुद्धा अंगावर घेतली. आरू रडून रडून निळी व्हायची आणि आम्ही आठ जणी तिच्याभोवती हात चोळत उभ्या. मी माझी कपाटं उचकली. प्रशिक्षणाच्या फायली आहेत, वर्षवार लावलेल्या, सुवाच्य. प्रत्येक फाईलमध्ये लिहिलंय, 'प्रात्यक्षिक समाधानकारक', आणि खाली माझी सही. खाला काय करायची, याची त्यात एक ओळ नाही.

सहाव्या दिवशी मीरा दुपारी आली ती झोळीची साडी घेऊनच. "बाई, तिला म्या नेते. हितं उपाशी ठिवन्यापरीस फडात माझ्यापाशी ऱ्हाईल." मी म्हणाले, "मीरा, दोन दिवस थांब. तिथं धूळ, पाचट, ट्रॅक्टर... लेकराला तिथं नको नेऊ." ती दुपटं गोळा करत राहिली. मी तिचा हात धरला. "खाला कशी पाजत होती, तू कधी बघितलंस का?" "म्या कवा बघनार? म्या तं दिस उगायच्या आधी फडात." मग तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "बाई, तुमी तं हितल्या मोठ्या मास्तरीन. पोरींना तुमीच शिकिवता ना? मंग तुमाला कसं म्हाईत न्हाई?"

मी तिचा हात सोडला आणि ती आरूला घेऊन गेली.

चार दिवसांनी मी त्या फडात गेले. बैलगाडीच्या जुवाला साडी बांधून आरूची झोळी केली होती. वर कापड टाकलेलं, तरी चेहऱ्यावर पाचटाची धूळ. खोकत होती. मीरा कोयता टाकून आली, तिला अंगाशी घेतलं, आणि ती लगेच प्यायला लागली. मी म्हणाले, "परत आण, मी शिकते." मीरा म्हणाली, "तुमी शिका बाई, मंग आनते." किती सरळ बोलली. पण शिकू कुणाकडून? जिला विचारायचं ती मातीत आहे. उसाने भरलेला ट्रॅक्टर केंद्रासमोरून गेला की आता मी दारात येऊन तो दिसेनासा होईपर्यंत बघते. हंगाम संपला की टोळ्या परत जातील, आणि तोवर त्या झोळीशेजारून असे किती ट्रॅक्टर मागे-पुढे होणार आहेत, हे मनात आलं की मला वर्गात उभं राहवत नाही.

फडातून आले त्याच दिवशी पुढच्या वर्गाला कुलूप लावलं आणि मुलींना घेऊन मागे बाळखोलीत गेले. खालाचं बाळ शबानाने आणून दिलं होतं. मी खाली बसले आणि पूजाला म्हणाले, "बांध." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिने खुंटीवरची हिरवी ओढणी काढली आणि माझ्या डोळ्यांवर बांधली. ओढणीला तान्ह्या बाळांचा वास होता, दुधाचा आणि तेलाचा. मी हात पुढे केले, कुणीतरी ते बाळ दिलं, आणि मी पाण्याशिवायची अंघोळ घालायला सुरुवात केली. आठ वर्षं निदेशिका असलेली मी, आणि माझे हात त्या कापडावर चाचपडत होते. मग पूजाचा आवाज आला, घाबरत, "मॅडम... मान." मी तळवा सरकवला. "अजून वर." आणखी सरकवला. "हां," ती म्हणाली. अगदी खालासारखं म्हणाली.

रोज बसतो आम्ही. रोज मीच पहिली. मुलींना जे जे आठवतं ते त्या सांगतात, मी हाताने करून बघते. बरंचसं चुकतं. खालाने सांगितलेलं सगळं आमच्या सगळ्यांच्या हातांत मिळूनसुद्धा नाही, हे आता कळलंय. पण पूजाने एक सुचवलं. आरू तिकडे वाढतेय, तर या बाळाचा शनिवारचा पसा चुकवायचा नाही. ती येईल तेव्हा आमच्या हातांना तिचं वजन ठाऊक असावं. येईल तेव्हा, असं पूजा म्हणते. मी नुसती ऐकते.

काल शनिवार होता. पूजाने शिवण उसवली, पसाभर बाजरी घातली, दाभणाने शिवलं आणि पुढच्या खोलीत येऊन बाळ माझ्याकडे दिलं. मागच्या शनिवारपेक्षा जड. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, सचिवांचा. मी आजूबाजूला बघितलं. मुली मागे गेल्या होत्या, बाळ द्यायला कुणाचेच हात नव्हते. डाव्या तळव्यात मान होती, उजव्या हातावर पाठ. मी तशीच उभी राहिले. फोन वाजत राहिला, आणि मग वाजायचा थांबला.